आपलं घर, आपली शाळा

अमृतराव पाईकरावांनी बायकोला पाठवलेला निरोप बायको सोडून सगळ्यांना मिळाला.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि अमृतराव वसराम तांड्याच्या शाळेत, कपाटाला कुलूप लावून निघायच्या तयारीत होते. औंढा नागनाथला घर, तिथून मोटारसायकलवर तांडा, असा त्यांचा रोजचा रस्ता. आठवीपर्यंतच्या या शाळेचे ते मुख्याध्यापक, आणि निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिलेली. तेवढ्यात वसमतकडून खंदारे सरांचा फोन आला. खंदारे सरही मुख्याध्यापकच. त्यांचा मुलगा भीमराज बँकेत नोकरीला होता आणि तो रविवारी अमृतरावांच्या सपनाला पाहायला येणार होता.

"पाईकराव, उद्याचं काही जमत न्हाई. आजच येतो आमी. चारला पोचतो," खंदारे सर म्हणाले आणि हो-नाही ऐकायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

आता घरी कळवणं आलं. सोजराबाईंना फोन लावून उपयोग नव्हता. उघड्यावर ठेवला तर धूळ बसते म्हणून त्या आपला फोन कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवत. रिंग वाजली तर ती साड्यांनाच ऐकू जाई. मात्र दुपारी जेवणं उरकली, की फोन बाहेर काढून आलेले बोलके निरोप त्या नेमाने ऐकत. म्हणून अमृतराव बायकोला फोन करत नसत, निरोप बोलून पाठवत. फोनमध्ये बायकोचं नाव त्यांनी 'आपलं घर' असं ठेवलं होतं. त्याच्याच खाली एक ग्रुप होता, त्याचं नाव 'आपली शाळा'.

हा ग्रुप म्हणजे वरून आलेल्या आदेशाचं फळ होतं. पालकांचा शाळेतला सहभाग वाढवा, त्यासाठी मोबाइल वापरा, आणि किती पालक बोलते झाले ते दर आठवड्याला कळवा, असं त्या आदेशात होतं. शाळेतल्या तरुण शिक्षिका शिला मॅडम यांनी ग्रुप तयार केला, तांड्यावर घरोघर फिरून आयाबापांना त्यात घेतलं, आणि वाचता येत नसेल त्यांनी बोलून पाठवा, हेही शिकवलं. पण ग्रुपवर कुणी बोलेना. खेमा टेम्पोवाला तेवढा रोज पहाटे गुलाबाचं फूल टाकायचा. शेवटी अमृतरावांनी काकुळतीला येऊन सांगितलं, की बोलू नका, पण निरोप ऐकला तर निदान अंगठा तरी टाका. ज्या तांड्यावर त्यांनी उभी नोकरी घालवून बायाबापड्यांचा अंगठा सोडवला आणि त्यांना सही शिकवली, त्याच तांड्याला ते आता अंगठा द्या म्हणून विनवत होते.

तर, चष्मा टेबलावर होता आणि घाई डोक्यात होती. अमृतरावांनी अंदाजाने नाव दाबलं आणि शेताच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात सुरुवात केली.

"ऐक. पाहुणे आजच येऊन राहिलेत, चार वाजता. पोरीला पाहायला. तिला ती निळी साडी नेसव. अन् सांगून ठेव, विचारलं तेवढंच बोलायचं, मान खाली घालून बसायचं. पुढं शिकायचं खूळ काढू देऊ नको मधी, ते लग्नानंतर पाहता येईल. पोरगा चांगला आहे, हातचा जाऊ द्यायचा न्हाई. त्याचा बाप जरा फुशारक्या मारतो, तेवढं ऐकून घ्यायचं. घर झाडून ठेव."

बोट उचललं, निरोप गेला. फोन खिशात आणि चष्मा टेबलावरच ठेवून अमृतराव निघाले.

रस्त्यात खिशातला फोन मांडीवर गुरगुरायला लागला. थांबला, पुन्हा गुरगुरला. पण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, यावर त्यांनी दर पंधरवड्याला परिपाठात भाषण केलं होतं आणि स्वतःही ते पाळत होते. औंढ्यात देवळाजवळच्या दुकानात पेढे घेतले, फरसाण घेतलं, दाढी करून घेतली. न्हाव्याकडे खुर्चीत बसल्यावर फोन काढावा असं मनात आलं होतं, पण फेस गळ्यापर्यंत होता.

घरी पोचले तर अंगणात दोऱ्यांवर घरातल्या सगळ्या गोधड्या वाळत घातलेल्या, आणि त्यांच्या आड कुठंतरी सोजराबाई पदर खोचून बादली उपडी करत होत्या.

"हे काय?" अमृतराव म्हणाले. "अजून तयारी न्हाई?"

"कशाची? पाहुणे उद्या हायत ना?"

"अगं, आज येऊन राहिलेत. निरोप पाठवला ना तुला."

"मला कुठं? जेवून उठल्यावर पाहिला मी फोन. माझ्या बहिणीनं लोणच्याचं पाठवलं होतं, तेवढंच ऐकलं."

अमृतरावांनी बायकोचा फोन आणायला लावला. त्यात लोणचंच होतं. मग त्यांनी आपला फोन काढला, हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिला, आणि ओसरीच्या कडेवर बसले.

'आपली शाळा' या ग्रुपवर पहिल्यांदाच वर्दळ दिसत होती. वरती त्यांचा आवाज होता. त्याखाली तीन अंगठे होते, ते निरोप न ऐकताच अंगठा टाकणाऱ्या तीन बापांचे. मग खेमाचं गुलाबाचं फूल. आणि त्यानंतर बायकांचे बोलके निरोप, एकाखाली एक, पार खालपर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष जिवनबाई यांचे न उचललेले फोन वेगळेच.

"काय झालं?" सोजराबाईंनी विचारलं.

"काही न्हाई. तू साडी बदल."

आधी तो निरोप काढून टाकायला हवा होता. त्यावर बोट दाबून धरलं तर फोनने दोन पर्याय दिले. एक 'सर्वांसाठी हटवा', दुसरा 'माझ्यासाठी हटवा'. अमृतराव विचारात पडले. पहिला पर्याय त्यांना उद्धट वाटला. सगळ्यांच्या फोनमधलं काढून टाका असा हुकूम सोडण्यापेक्षा 'माझ्यासाठी हटवा' अशी विनंती करणं बरं, चूक शेवटी आपलीच. त्यांनी विनंतीवर बोट ठेवलं. निरोप दिसेनासा झाला आणि त्यांच्या जिवात जीव आला.

आता खुलासा करायचा. चष्म्याशिवाय टाइप करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी शिला मॅडमनी दाखवलेली दुसरी सोय वापरली. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. ते बोलले, "आधीचा निरोप चुकून आला, त्यावर जाऊ नका." अंगणात बादली आपटल्याचा आवाज, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आणि दाढी करून आलेल्या माणसाची घाई, यांतून फोनला जे समजलं ते त्याने लिहिलं: 'आधीचा निरोप चुकवू नका, त्यावर जागा.' अमृतरावांना अक्षरांची नुसती रांग दिसली. रांग सरळ होती. त्यांनी पाठवून दिली.

इकडे तांड्यावर काय झालं होतं ते त्यांना नंतर कळलं. निरोप आला तेव्हा जिवनबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांनी तो आवाज मोठा करून ऐकला, मग शेजारणींना बोलावून पुन्हा ऐकला. आवाज सरांचा, याबद्दल शंका नव्हती. पण पोरगी कुणाची? निरोप तर सगळ्यांच्याच फोनवर आला होता.

"साहेब लोक येऊन राहिले असतील शाळा पाहायला," एकीने तर्क लढवला. "पाहुणे म्हणजे ते. पोरींचा नाच बसवला असंल. म्हणून साडी."

हे काहींना पटलं. त्यांनी घरं झाडली, आणि एका आजीने तर पहिलीतल्या नातीला निळी साडी गुंडाळून, तोंड धुऊन ओट्यावर बसवली. साडी एवढी होती, की पोरगी त्यात शोधावी लागत होती.

"नाचाला मान खाली घालून कोण बसवतं?" जिवनबाई म्हणाल्या. "अन् लग्नानंतर शिकता येईल, हे काय साहेब लोकांसाठी हाय का?"

तिथे नाचाचा तर्क मोडला. पोरीचं लग्न लहानपणी करायचं नाही, तिला शिकू द्यायचं, हे सरांनी या तांड्याला इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलं होतं, की लेकरंही ते झोपेत बडबडायची. तोच माणूस आता पोरींना साडी नेसवा म्हणतो. जिवनबाईंची पुजा सातवीत होती. त्यांनी सरांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग शिला मॅडमना लावला. मॅडम सुट्टीसाठी गावी निघालेल्या, बसमध्ये होत्या.

"आवाज सरांचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण काहीतरी गफलत असेल. सर असं बोलणार नाहीत."

गफलत असेल, यावर बायकांचं जवळजवळ एकमत झालं होतं. तेवढ्यात ग्रुपवर सरांचा लेखी खुलासा आला. जिवनबाईंच्या पुजाने तो मोठ्याने वाचून दाखवला. आधीचा निरोप चुकवू नका, त्यावर जागा.

"खेमा," जिवनबाईंनी हाक मारली. "गाडी काढ."

खेमाचा टेम्पो हळदीची पोती हिंगोलीच्या बाजारात नेणारा. मागे बायका उभ्या राहिल्या, काहींनी लेकरं सोबत घेतली, आणि निळ्या साडीतली ती नातही आजीच्या कडेवर होती, कारण साडी सोडायला वेळ नव्हता. सगळ्यांत शेवटी मोतीबाई चढल्या. मोतीबाई तांड्यावर कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होत्या.

औंढ्यात अमृतरावांच्या घरी तोवर पाहुणे आले होते. अंगणातल्या गोधड्या ओल्याच आत नेऊन खाटेखाली कोंबल्या होत्या. बैठकीत बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खंदारे सर बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी पद्माबाई, आणि एका टोकाला भीमराज. भीमराज उंच, सावळा, सरळ भांग पाडलेला मुलगा होता आणि त्याने अजून एकही शब्द उच्चारला नव्हता. त्याच्या वाटचे शब्द वडीलच वापरत होते.

"आमच्या शाळेचा पालकांचा ग्रुप म्हणजे तालुक्यात नंबर एक," खंदारे सर सांगत होते. "मी निरोप टाकायचा अवकाश, धडाधड उत्तरं. सभा लावली तर बसायला जागा पुरत न्हाई. तुमच्याकडं कसंय?"

"आमच्याकडं जरा शांत असतं," अमृतराव म्हणाले. त्यांचं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. तो केव्हाचा गुरगुरत नव्हता, आणि ते चांगलं की वाईट हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी मधे आत जाऊन जिवनबाईंना लावून पाहिला होता. संपर्काच्या बाहेर, असं उत्तर आलं होतं.

सपना चहा घेऊन आली. निळी साडी, मान खाली. कृषीची पदवी तिने वर्गात पहिली येऊन मिळवली होती आणि आता परभणीला एम.एस्सी.साठी तिचा नंबर लागला होता. प्रवेश घ्यायची शेवटची तारीख मंगळवार. आठवडाभर घरात त्यावरून धुसफूस चालली होती. आधी स्थळ पाहून घेऊ, मग त्या लोकांना विचारून शिक्षणाचं ठरवू, असं अमृतरावांचं म्हणणं. सपनाने काल रात्रीपासून वाद घालणं बंद केलं होतं, आणि त्याचीच अमृतरावांना जास्त धास्ती वाटत होती.

"पुढं शिकायचं चाललंय म्हणून ऐकलं," पद्माबाईंनी सपनाला विचारलं.

"तसं काही विशेष न्हाई," अमृतरावच बोलले. "आपली हौस."

सपनाने मान थोडी वर केली, वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच वेळी बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला, मागची फळी पडली, आणि अंगण बघता बघता भरलं.

अमृतराव दारात धावले. "जिवनबाई, तुमी? या, या. म्हणजे, आत्ता नका येऊ. घरी पाहुणे हायत."

"व्हय, चारला येणार म्हणून तुमीच सांगितलं," जिवनबाई म्हणाल्या. "कुणाच्या पोरीला पाहायला आलेत, तेवढं सांगा सर. आमी तिथून उभ्यानं आलोय."

"ती चूक होती. मी काढून टाकला तो निरोप. ग्रुपवर लिहिलं पण तसं."

"लिहिलं ते वाचलं. म्हणून तर आलो. अन् निरोप कुठं काढला? हा काय."

आणि अमृतराव हात पुढे करेपर्यंत जिवनबाईंनी निरोप लावला. फोनचा आवाज त्यांनी तांड्यावरच पूर्ण वाढवून ठेवला होता. पोरीला पाहायला, निळी साडी, मान खाली, शिकायचं खूळ, पोरगा हातचा जाऊ द्यायचा नाही. अमृतरावांचा खणखणीत आवाज अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून बैठकीत गेला. "त्याचा बाप जरा फुशारक्या मारतो, तेवढं ऐकून घ्यायचं," हे वाक्य बैठकीत पोचलं तेव्हा खंदारे सरांच्या हातातली बशी तोंडापाशी होती. ती तिथेच राहिली.

अमृतरावांना वाटलं, आता आपण निवृत्ती आजच घ्यावी. तेवढ्यात बैठकीतून हसू ऐकू आलं. पद्माबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आवरायचा प्रयत्न करत होत्या आणि जास्तच हसत होत्या.

"खरंच हाय ते," त्या कशाबशा म्हणाल्या. "एवढं बराबर अजून कुणी बोललं नव्हतं."

भीमराज तसबिरींकडे एकटक पाहत होता. त्याचे खांदे हलत होते.

जिवनबाईंनी दारातून आत पाहिलं. पाहुणे, चहाचे कप, निळ्या साडीतली सपना. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तुमची पोरगी व्हय?" त्या म्हणाल्या. मागे वळून त्यांनी बायकांना गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, दोन वाक्यं सांगितली आणि अंगणभर एक मोठा सुस्कारा उमटला. कुणी हसलं, कुणी कपाळावर हात मारला. आजीने नातीची साडी सोडायला घेतली. सगळं निभावलं होतं. अमृतराव हात जोडून त्यांना निरोप द्यायला पुढे झाले.

"चला, मग आमी बसतो," मोतीबाई म्हणाल्या आणि ओसरीवर, बैठकीच्या दाराला टेकून, बसल्या.

"बसता काहून?" अमृतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमी बसले होते ना आमच्या दारात," मोतीबाई म्हणाल्या. त्या अमृतरावांशी बोलत होत्या, पण ऐकणाऱ्यांत खंदारे सरही होते. "माझी मोठी पोरगी आठवीत होती, तेव्हा पाहायला आले होते तिला. हे सर आले, असेच दारात बसले. चहा दिला तर पिला न्हाई. म्हणे, पोरीला विचारलं का? तिला काय पाहिजे, ते विचारलं का? उठलेच न्हाई. पाहुणे कंटाळून गेले तेव्हा उठले. ती पोरगी आता हिंगोलीत बारावीला हाय."

"ते वेगळं होतं, मोतीबाई. ती लहान होती. माझी पोरगी बावीस वर्षांची झाली. कायद्यात बसतं हे."

"कायद्याचं न्हाई विचारलं मी. पोरीला विचारलं का, ते विचारलं."

अमृतराव काहीतरी बोलणार होते. शाळेत, सभेत, कुठल्याही व्यासपीठावर त्यांना शब्द कधी कमी पडले नव्हते. आता अंगणात पन्नासेक डोळे त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांतला एकही डोळा रागावलेला नव्हता, हीच अडचण होती. ते मागे वळले. सोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्याही बघतच होत्या.

"सपना," ते म्हणाले. "तुला काय पाहिजे?"

सपनाने रिकामा ट्रे खाली ठेवला. "पप्पा, मला परभणीला जायचंय. मंगळवार शेवटचा दिवस आहे."

"काय शिकायचं तिथं?" हा प्रश्न भीमराजने विचारला. त्याचा आवाज सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला आणि खंदारे सरांनीही चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"पिकांचे रोग. मला हळदीवर काम करायचंय. कंद जमिनीतच सडतात ना, त्याच्यावर."

अंगणात एकदम हालचाल झाली. हळद तांड्यावर प्रत्येकाच्या रानात होती आणि यंदा ती सडत होती. मागे उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या. पानं आधी पिवळी पडतात का, बुंधा मऊ होतो तो त्यानेच का, पाणी कमी द्यावं का, असं सगळं एकदम सुरू झालं. सपना साडीचा काठ सावरत ओसरीवर येऊन बसली आणि उत्तरं द्यायला लागली. पाच मिनिटांत तिची मान कुठे होती, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"मग तर गेलंच पाहिजे हिनं," जिवनबाई म्हणाल्या. त्यांनी हे ठराव मांडावा तशा सुरात म्हटलं आणि बायकांनी माना हलवून तो मंजूर केला.

अमृतराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "मंगळवारी रजा टाकतो," ते सपनाला म्हणाले. "मी येतो सोबत. कागदं सगळी काढून ठेव."

सोजराबाई आत गेल्या आणि सगळ्यांच्या चहासाठी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पेढे पुरले नाहीत, फरसाण पुरलं. निळ्या साडीतून सुटलेल्या नातीने दोन पेढे आधीच उचलले होते.

पाहुणे निघताना भीमराज सपनापाशी थोडा थांबला. "मला काही घाई नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांनी बोलू शकतो. तुम्हाला वाटलं तर."

"मला पण घाई नाही," सपना म्हणाली. यात होकार होता की नकार, हे पद्माबाई आणि सोजराबाई यांना पुढे बराच काळ ठरवता आलं नाही.

खंदारे सरांनी मात्र अमृतरावांना हाताला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं. आता हा माणूस फुशारक्यांचा हिशेब चुकता करणार, म्हणून अमृतराव मनाची तयारी करत गेले.

"पाईकराव, एक सांगा," खंदारे सर हळू आवाजात म्हणाले. "एवढे पालक येतात कसे हो? मी मागच्या सभेला नाश्ता ठेवला होता. शिपाई अन् मी, दोघांनी खाल्ला."

अमृतरावांनी खिशातला फोन चाचपला.

"तो निरोप मला पाठवा," खंदारे सर म्हणाले. "मी आमच्या ग्रुपवर टाकून पाहतो. बापाचं वाक्य तेवढं काढतो."

त्या शनिवारनंतर 'आपली शाळा' या ग्रुपचं रूपच पालटलं. बायका बोलायला लागल्या आणि बोलायच्या थांबेनात. मंगळवारी सकाळीच विचारणा सुरू झाली. निघाले का सर? कागदं घेतली का? संध्याकाळी प्रवेश झाल्याचं अमृतरावांनी कळवलं, तेव्हा पावती दाखवा, असा जिवनबाईंचा निरोप आला. होस्टेलात खोली मिळाली का, पंखा आहे का, जेवण कसं आहे, सोबतच्या पोरी कुठल्या. इतकी वर्षं अमृतराव आयाबापांना विचारत आले होते, की पोरगी शाळेत काहून आली नाही. आता तांडा त्यांना विचारत होता, आणि त्यांना रोज उत्तर द्यावं लागत होतं. दर आठवड्याच्या अहवालासाठी त्यांनी ग्रुपचे स्क्रीनशॉट वर पाठवले. तिकडे कुणी मजकूर वाचत नसावं, कारण पालकांचा प्रतिसाद उल्लेखनीय, असा शेरा परत आला.

हां, एक झालं. बायका एकदा बोलायला लागल्यावर सपनावर थांबल्या नाहीत. पुजाचं गणित कच्चं आहे, कोण शिकवतं? दुपारच्या खिचडीत मीठ जास्त काहून? मुलींच्या मुतारीचं दार कधी बसणार? अमृतरावांनी दार बसवून घेतलं आणि त्याचा फोटो टाकला. फोटो तिरका होता, तोही पुन्हा काढायला लावला.

सपना होस्टेलवर राहायला निघाली त्या दिवशी अमृतराव तिला औंढ्याच्या बसस्टँडवर सोडायला गेले. या वेळी ती एकटीच जाणार होती. परभणीची बस लागली होती, सपना खिडकीत बसली होती आणि मांडीवर सोजराबाईंनी दिलेला डबा होता. कंडक्टर दार लावतच होता, तेवढ्यात अमृतरावांचा फोन वाजला. जिवनबाईंचा व्हिडिओ कॉल. मागे हळदीचं रान होतं आणि रानात कामावर आलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होत्या.

"सर, निघाली का बस? दाखवा पोरीला."

अमृतरावांनी फोन बसच्या दिशेने धरला. "ही पाहा. खिडकीत आहे. सपना, हात कर."

सपनाने हात केला. बस हलली. अमृतराव फोन उंच धरून बसच्या बाजूने चालत राहिले, मग थोडं पळाले, मग थांबले. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात वरच होता.

"दिसली ना?" त्यांनी विचारलं.

मग जिवनबाई म्हणाल्या, "सर, क्यामेरा फिरवला न्हाई तुमी. तुमचंच तोंड दिसून राहिलं होतं सगळा वेळ."

अमृतरावांनी घाईघाईने बाहीने डोळे पुसले. हेही तिकडे दिसलं असणार, हे त्यांना बाही खाली आल्यावर कळलं.

"असू द्या," जिवनबाई म्हणाल्या. "पोरगी न्हाई दिसली, पण बाप दिसला. ठेवते मी, कामावर हाय."